पूर्व दाराच्या गाड्या टाळा

जपूनरावांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. स्टेशनवर ते कुणाला माहीत नाही, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नाही. पर्यटक माहिती केंद्राच्या खिडकीत बसणारा हा माणूस, तुम्ही काहीही विचारा, शेवटी 'जपून' म्हणतो. संग्रहालय कुठे आहे? सरळ जा, मग डावीकडे, जपून. बोट किती वाजता सुटते? दर तासाला, जपून. एकदा एका बाईंनी नुसतं किती वाजले म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सव्वाचार. जपून." त्या दिवसापासून त्यांना जपूनराव नाव पडलं. ते मीच पाडलं, उगाच खोटं कशाला बोलू.

मी शेजारच्या खिडकीत असते, सामानघरात. लोक बॅगा ठेवतात, मी बिल्ला देते, लोक बिल्ला हरवतात, मी बोलणी खाते, असा आमचा धंदा. दोन खिडक्यांच्या मधे प्लायवूडची एक भिंत आहे आणि ती छतापर्यंत पोचलेली नाही. त्यामुळे बावीस वर्षं त्या माणसाचा शब्द न् शब्द माझ्या कानात पडतोय. त्यांच्या बायकोनेही ऐकलं नसेल इतकं मी ऐकलंय, तेही लग्न न लावता.

आमचं शहर बघायला लोक लांबून येतात. जुना पूल आहे, नदीकाठचा बाजार आहे, टेकडीवर मनोरा आहे. चोर आहेत का? आहेत की. पाहुणे आले तिथे पाकीटमार आलेच. पण जपूनरावांचं ऐकलं तर माणसाला वाटावं, या गावात चोर सोडून कुणी राहतच नाही आणि आपण आलो ती आपलीच चूक झाली. गाडीतून हसत उतरलेली माणसं त्यांच्या खिडकीपुढे दहा मिनिटं उभी राहिली की पोटाशी बॅग आवळून बाहेर पडायची. एक नवं जोडपं तर तिथूनच परतीचं तिकीट काढायला गेलं. जपूनराव म्हणाले, "समजूतदार माणसं."

त्यांनी एक पत्रक काढलं होतं. 'पाहुण्यांनो, सुरक्षित राहा.' सुरुवातीला त्यात आठ नियम होते आणि ते बरे होते. पैसे एकाच खिशात ठेवू नका, मीटर बघा, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघा. मग याला चटक लागली. कुठे काही खुट्ट झालं की एक नियम वाढायचा. पुलावर वाऱ्याने एका गृहस्थाची टोपी उडाली, तर 'पुलावर टोपी घालू नये'. एका पोराने कबुतराला दाणे घातले आणि कबुतराने त्याच्या आजोबांच्या खांद्यावर जे करायचं ते केलं, तर 'पक्ष्यांपासून चार हात दूर राहावे'. असे करत करत सत्तावीस झाले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण हा माणूस दुसऱ्यांचंही ताक फुंकत बसला होता.

घरीही तेच. दाराला कडी, कुलूप, साखळी आणि वर एक भोक. जावयाने खालून फोन केल्याशिवाय दार उघडायचं नाही असा दंडक. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते, ती एकदा म्हणाली, "आमच्याकडे चोर आलाच तर कंटाळून परत जाईल हो." आणि गंमत ऐका. जगाला प्रवास शिकवणारा हा माणूस घरापासून स्टेशनपर्यंत अकरा मिनिटं चालत येतो आणि चालत जातो. टॅक्सीत बसून त्यांना किती वर्षं झाली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

आता चौदाव्या नियमाचं सांगते, कारण सगळं रामायण तिथून आहे.

स्टेशनला दोन दारं. पश्चिम दाराला सरकारी टॅक्सीची खिडकी आहे. आधी पैसे भरा, पावती घ्या, गाडीत बसा. पूर्व दाराला जुना स्टँड आहे, तिथे टॅक्सीवाले स्वतःच्या गाड्या लावतात, मीटरवर जातात. जपूनरावांचा सख्खा धाकटा भाऊ त्या स्टँडवर आहे. अठरा वर्षं. मोठा म्हणजे इस्त्रीची घडी, तर धाकटा म्हणजे नुसता मोकळा. हसणारा, बडबडा, म्हातारं माणूस दिसलं की न विचारता बॅग उचलणारा. माझ्या खिडकीशी चहा घेऊन उभा राहायचा आणि पलीकडे मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणायचा, "सामानबाई, आमचे दादा आज किती लोकांना घाबरवून बसलेत?"

सात वर्षांपूर्वी जपूनरावांच्या मुलीचं लग्न झालं. जेवणं चालली होती, धाकटा उभा राहिला आणि व्याह्यांसमोर गोष्ट सांगू लागला. आमचे दादा एकोणीस वर्षांचे असताना नोकरीच्या मुलाखतीसाठी पहिल्यांदा या शहरात आले. स्टेशनवर एक माणूस भेटला. 'अरे, तू आमच्या गावचा ना? दे, बॅग धरतो' म्हणाला आणि प्रमाणपत्रांसकट बॅग घेऊन गेला. दादा प्लॅटफॉर्मवर बसून रडत होते. व्याही हसले, विहीणबाई हसल्या, मीही हसले. पानात मीठ वाढणारा थांबून हसला. जपूनराव उठले आणि हात न धुता मांडवाबाहेर गेले. धाकटा मागून "दादा, पुढचं ऐक तरी" म्हणत राहिला. तेव्हापासून दोघांत अबोला.

दोन महिन्यांनी पत्रकाची नवी आवृत्ती आली. नियम चौदावा: 'पूर्व दाराच्या गाड्या टाळा.'

मी भिंतीवरून विचारलं, "का हो, पूर्व दाराच्या गाड्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"तक्रारी आहेत," ते म्हणाले.

"कुठायत? बघू."

"तोंडी आहेत."

असल्या तोंडी तक्रारीवर त्या स्टँडवरच्या पंचवीस गाड्यांच्या बारा झाल्या. पाहुणा पूर्व दारापर्यंत यायचा, पत्रक बघायचा आणि मागे वळायचा. कुणी गाडी विकली, कुणी गावाला गेलं. सगळ्यांना ठाऊक होतं नियम कुणी लिहिला आणि कुणावरून लिहिला. धाकट्याला कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तोही दादाबद्दल वाकडं बोलला नाही. फक्त माझ्या खिडकीशी येऊन चहा पिणं त्याने बंद केलं.

या दोघांच्या वर एक बहीण आहे, ताई. आई लवकर गेली, तेव्हा या ताईने दोघांना वाढवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. गाडीने सात तासांवरच्या एका लहान गावात ती एकटी राहते. तिचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. जो काही संसार होता तो डाव्या डोळ्यावर, आणि त्यात मोतीबिंदू पिकला. पिकून पिकून आत दाब वाढला. तिथले डॉक्टर म्हणाले, या महिन्यात काढला नाही तर हाही जाईल. आमच्या शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक मोठे सर्जन महिन्यातून एकदाच, दुसऱ्या गुरुवारी, बाहेरून येतात. ताईला तोच गुरुवार मिळाला. अकराच्या आत हजर व्हायचं, नंतर नाव घेत नाहीत.

भाऊ स्टेशनवरच असतो म्हटल्यावर अडचण ती काय? अडचण अशी की, त्याच गुरुवारी जपूनरावांना बक्षीस मिळणार होतं. 'उत्कृष्ट पाहुणा-मार्गदर्शक.' मुख्य कार्यालयात, अकरा वाजता, संचालकांच्या हस्ते, त्या पत्रकाबद्दल. पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते चारदा मोठ्याने वाचलं. भिंत मधे असूनही मला पाठ झालं.

मग ताईला फोन केला. मी ऐकत होते, लपवत नाही. "ताई, पत्रक पाठवलंय ना तुला? शेजारच्या मुलीकडून वाचून घे आणि पाठ कर. त्यात सगळं आहे. नियमांप्रमाणे वागलीस की मी तुझ्याबरोबर असल्यासारखंच आहे."

माझं डोकं सणकलं. मी स्टुलावर चढले आणि भिंतीवरून डोकावले. "अहो, एका डोळ्याच्या बाईला पत्रक कसलं देता? वहिनींना पाठवा."

"तिला समारंभाला यायचंय. पहिल्या रांगेत खुर्ची आहे."

"मग मी नेते. नाहीतर धाकट्याला सांगा, तो काय परका आहे?"

"सामानबाई," ते म्हणाले, "दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं ऐकू नये."

"हा कितवा नियम?"

त्यांनी खिडकी लावून घेतली. मला तेव्हाच धाकट्याच्या कानावर घालायला हवं होतं. पण म्हटलं, मरू दे, त्यांची बहीण, त्यांचं बक्षीस, आपण कशाला लष्करच्या भाकऱ्या भाजायच्या. ती चूक माझी.

गुरुवारी जपूनराव आठलाच निघून गेले, खुर्च्या कशा मांडल्यात ते बघायला. त्यांची खिडकी बंद. ताईची गाडी आली आठ पन्नासला. त्याच वेळी माझ्याकडे बत्तीस माणसांचा एक गट बत्तीस बॅगा आणि एक घडीची सायकल घेऊन आला, तेव्हा मला मान वर करायला फुरसत नव्हती. दहा वाजून गेल्यावर गर्दी ओसरली आणि समोरच्या बाकावर नजर गेली. एक सडपातळ म्हातारी बाई ताठ बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, हातात घडी घातलेलं पत्रक. नाक अगदी जपूनरावांचं.

बाहेर जाऊन बघितलं तर पश्चिम दाराच्या सरकारी खिडकीवर पाटी: 'यंत्रणा बंद.' आणि पत्रकातला नियम दुसरा काय सांगतो? 'फक्त पश्चिम दाराची खिडकी वापरा. ती बंद असल्यास बाकावर बसून वाट पाहा.' ही बाई दीड तास वाट पाहत बसली होती. पाणीसुद्धा प्यायली नव्हती, कारण पाण्याबद्दलही एक नियम आहे.

मी जवळ गेले. "ताई, कुणाची वाट बघताय?"

"कुणाची नाही. माझ्याबरोबर चार जण आहेत," ती म्हणाली. आपण एकटे आहोत हे अनोळखी माणसाला सांगू नये, नियम नववा. बाकावर एक मांजर सोडून कुणी नव्हतं.

"डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय ना? अकराला?"

तिने पिशवी घट्ट धरली. "तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, तुमच्या भावाशेजारीच बसते मी. बावीस वर्षं. जपूनराव माझे..."

"माझ्या भावाचं नाव ते नाही."

खरं नाव सांगायला गेले तर आठवेना. देवाशपथ आठवेना. बावीस वर्षं ज्या माणसाला मी पाडलेल्या नावाने हाक मारली, त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव ऐन वेळी माझ्या तोंडात नाही. मी तशीच आ वासून उभी, आणि ती बाई माझ्या दिशेला बघत शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाली, "नियम सहावा. घरच्यांची ओळख सांगून जवळ येणाऱ्या व्यक्तीबरोबर, ती स्त्री असली तरी, कुठेही जाऊ नये."

'ती स्त्री असली तरी' हे शब्द त्या माणसाने मागाहून घातले होते. मला विचारून घातले होते हो, की 'स्त्री' लिहू की 'महिला'.

"ताई, फोन करा भावाला," मी म्हटलं.

"स्टेशनवर फोन बाहेर काढायचा नाही." मग म्हणाली, "त्याला माझ्यापायी आज त्रास नको. बक्षीस आहे त्याचं." हे म्हणताना ती हसली, आणि अकराला बत्तीस मिनिटं राहिली होती.

मी माझ्या फोनवरून जपूनरावांना लावला. बंद. समारंभात फोन बंद ठेवावा असं त्यांचं स्वतःचंच मत. मग मी 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी साडेदहाला लावली आणि पूर्व दाराला पळाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं. सख्खा भाऊ दोनशे पावलांवर उभा असणार आणि ही इथे मांजराबरोबर बसलेली. पण धाकटा भाडं घेऊन गेला होता. दुसऱ्या टॅक्सीत ही बाई बसली नसती, ओढून नेलं असतं तर लोकांनी मलाच धरलं असतं. तिथल्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरने त्याला फोन लावला. "धाकट्या, तुझी ताई आलीय," एवढंच बोलला. नऊ मिनिटांनी गाडी आली, आणि दार उघडं टाकून तो माणूस आत पळत सुटला.

बाकापुढे जाऊन तो उभा राहिला आणि म्हणाला, "ताई."

तिने मान वर केली. पत्रक मांडीवरून खाली पडलं. "तू इथे कसा रे?"

"मी इथेच असतो. पूर्व दाराला. चल, उशीर झालाय."

ती उठली नाही. "पूर्व दाराला? टॅक्सी चालवतोस एवढंच ठाऊक होतं मला. चौदावा नियम तुझ्यावर आहे?"

"माझ्या एकट्यावर कसा असेल? बारा जण आहोत," तो म्हणाला आणि त्याने पिशवी उचलली.

मीही बरोबर गेले. दवाखान्यासमोर गाडी उभी करू देत नाहीत, तिला हाताला धरून आत न्यायला कुणीतरी हवंच होतं. आपला भाऊ आपल्या गाड्या टाळा असं छापून वाटतो हे गाडीत बसल्यावर तिच्या डोक्यात नीट शिरलं असावं. दोन चौक गेले. मग म्हणाली, "त्याची बॅग गेली तेव्हा तो कुठे झोपला होता, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे, ताई."

"या बाईंना नसेल." आणि तिने मला सांगितलं. बॅग गेल्यावर तो दोन दिवस प्लॅटफॉर्मवर नव्हता. पूर्व दाराच्या एका टॅक्सीवाल्याने त्याला रडताना बघितलं, आपल्या डब्यातलं जेवू घातलं, दोन रात्री गाडीच्या मागच्या सीटवर झोपवलं, स्वतः पुढे बसून झोपला. गावाला तार त्यानेच केली. ताईने धाकट्याला न्यायला पाठवलं, तेव्हा बारा वर्षांचा धाकटा त्या गाडीत बसला आणि म्हणाला, मी मोठा झालो की हेच करणार. मुलाखतीला मोठा गेला तोही त्याच ड्रायव्हरचा शर्ट घालून.

"लग्नात मी तेच सांगत होतो," धाकटा आरशात न बघता म्हणाला. "तो अर्ध्यावर उठून गेला."

मी त्या अर्ध्यावर हसलेली बाई. मला गाडीत तोंड कुठे लपवावं कळेना.

पुलावर टोपीवाल्यांची गर्दी होती. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. टेबलापाशी बसलेल्या बाईने यादी दाखवली. ताईच्या नावावर रेघ मारून तिथे दुसरं नाव लिहिलं होतं. मी भांडले, हात जोडले, परत भांडले. धाकटा खाली बसला आणि म्हणाला, बाई, तिला एकच डोळा आहे हो. त्या बाईलाही वाईट वाटलं, पण सर्जन आत गेले होते. दाब उतरायला थेंब दिले आणि पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारची तारीख दिली. ताई म्हणाली, "असू दे. महिना काय, असा जाईल." धाकट्याने तिला आपल्या घरी नेलं.

दोन वाजता जपूनराव आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट काखेत मारून. मी सगळं सांगितलं. आवाज चढवून सांगितलं, रांगेत माणसं होती तरी. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"गेली कुठल्या गाडीने?"

मग मात्र मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बॅगेचं बोलले, शर्टाचं बोलले, मागच्या सीटचंही बोलले. ते खाली बसले आणि तोंडावर हात ठेवून रडले. चौकट अजून काखेतच होती. मग उठून पूर्व दाराला गेले. मला वाटलं होतं तिथे त्यांना कुणी गाडीत घेणार नाही. मनातून तसं व्हावं असंही वाटत होतं. पण तसं झालं नाही. सगळ्यात जुन्या ड्रायव्हरने मागचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "बसा साहेब." हेच बसले नाहीत. धाकट्याच्या घरापर्यंत साडेचार किलोमीटर चालत गेले, भर उन्हात.

तिथे काय झालं ते धाकट्याने सांगितलं. जपूनराव दारातूनच म्हणाले, ताई, माझ्या घरी चल, तिथे तुझी नीट काळजी घेतली जाईल. ताई म्हणाली, "काळजीने माझा गुरुवार चुकवला. मी इथेच राहते." त्यांना जेवायला वाढलं, पाणी दिलं. बोलणं मात्र तिने त्याहून वाढवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी चौदावा नियम काढण्यासाठी अर्ज केला. शहाणपण आलं, पण कधी? बक्षीस मिळालेलं पत्रक म्हणजे आता मान्यताप्राप्त पत्रक. संचालकांनी खूष होऊन पन्नास हजार प्रती छापायला टाकल्या होत्या, मागच्या पानावर जपूनरावांचा फोटो. साहेब म्हणाले, अहो, पुरस्कारप्राप्त मजकुरात बदल कसा करणार, पुढच्या वर्षी बघू. आठवड्यात गठ्ठे येऊन पडले, निम्मे माझ्या सामानघरात.

मग हा माणूस खिडकीत उभा राहून तोंडाने सांगू लागला. "चौदावा नियम मानू नका. तो खोटा आहे. तो मी लिहिलाय. पूर्व दाराला चांगली माणसं आहेत." पाहुणे ऐकायचे, पत्रक उलटून फोटो बघायचे, परत यांच्याकडे बघायचे आणि सत्ताविसावा नियम दाखवायचे: 'या पत्रकाविरुद्ध कुणी तोंडी माहिती दिल्यास, ती व्यक्ती गणवेशात असली तरी, विश्वास ठेवू नये.' एका आजोबांनी तर पोलिसाला बोलावून आणलं. मी भिंतीपलीकडून हसत होते, आणि हसता हसता मला ते नकोसंही होत होतं. आपल्याच हाताने इतकं पक्कं काम केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी ते एकेका पाहुण्याची बॅग स्वतः उचलून पूर्व दारापर्यंत नेऊ लागले. नऊ जणांतला एखादा त्यांच्या मागून यायचा. बाकीचे 'चोर, चोर' एवढंच म्हणायचं बाकी ठेवायचे.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ताई सकाळी आठलाच दवाखान्यात होती. धाकट्याने आणली. जपूनराव तिथे सहापासून बाहेर उभे होते. कसे आले ते मी विचारलं नाही. मीही रजा टाकली होती. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. सर्जन बराच वेळ बॅटरी मारून बघत होते. मग म्हणाले, मोतीबिंदू साफ निघालाय, पण मधल्या महिन्यात दाबाने आतली नस सुकली. गेल्या महिन्यात आला असता तर गोष्ट वेगळी होती. आता उजेड कळेल, माणसं आकारावरून कळतील, त्यापुढे नाही.

दोघे भाऊ पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, सात वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशेजारी. सर्जननी विचारलं, "ताई, समोर काय दिसतंय?"

ती बघत राहिली. "दोघं दिसतायत. उंची एकच, खांदे एकच. कोण कुठला ते कळत नाही, दोघे सारखेच दिसतात."

जपूनराव एक पाऊल पुढे आले. "ताई, मी..."

"बोलू नकोस," ती म्हणाली. "बोललास की ओळखू येशील."